तिला कुणी विचारलं?

व्हॅम्पायरच्या मालिकांत एक गोष्ट ठरलेली. नायकाची जुनी प्रेयसी मेली असेल, पुरली असेल, तिची राख झाली असेल, तरी ती परत येते.

आणि आली की सगळ्याचं खापर तिच्या डोक्यावर. नायक भरकटला? तिच्यामुळे. त्याचे मित्र तुटले? तिच्यामुळे. त्याने स्वतः शंभर-दीडशे वर्षं माणसं मारली, त्याचं काय? त्याला पश्चात्ताप झालाय. तो काळा कोट घालतो, कमी बोलतो, रात्री शहराकडे बघत उभा राहतो. तेवढ्यावर त्याला माफी.

तिला खुंटा.

ही वाटणी वाटते तितकी जुनी नाही. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. त्या कादंबरीत ड्रॅक्युलाला हरवलेली प्रेयसी नाहीच. वाड्यात तीन बायका आहेत आणि त्यांना नावंसुद्धा नाहीत. शतकं ओलांडून येणारं प्रेम, जुन्या बायकोसारखी दिसणारी नवी मुलगी, हे सगळं नंतर टीव्ही आणि सिनेमाने जोडलं.

जोडणाऱ्यांत एक नाव मोठं आहे, डॅन कर्टिस. त्याची ‘डार्क शॅडोज’ ही मालिका १९६६ ते १९७१ या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दुपारी लागायची. १९६७ मध्ये तिच्यात बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर आला आणि मालिका तरली. बार्नबसला शाप कुणी दिला? अँजेलिकने. ती कोण? त्याने आधी जवळ केलेली आणि लग्नाची वेळ आल्यावर बाजूला सारलेली दासी. १९६८ मध्ये ती केसांचा रंग आणि नाव बदलून त्याच घराण्यात लग्न करून परतली. दासीला फसवणारा नायक झाला. फसलेली चेटकीण ठरली.

१९७४ मध्ये कर्टिसनेच जॅक पॅलन्सला ड्रॅक्युला केलं आणि त्याला मेलेली बायको दिली. १९९२ मध्ये कोपोलाने तीच कल्पना मोठ्या पडद्यावर नेली. आता निम्म्या लोकांना वाटतं, हे स्टोकरनेच लिहिलंय.

पुस्तक उघडून बघायला किती वेळ लागतो?

तर अशा या गर्दीत एक भाग मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. १४ नोव्हेंबर २०००, मंगळवार, अमेरिकेतली डब्ल्यूबी वाहिनी. मालिका ‘एंजल’, दुसरा सीझन, सातवा भाग. लेखक आणि दिग्दर्शक एकच, टिम मिनिअर. भागाचं नाव ‘डार्ला’. परतलेल्या जुन्या प्रेयसीचं नाव थेट पाटीवर. एवढा मानसुद्धा या बायकांना सहसा मिळत नाही.

डार्ला कोण, हे समजायला तीन वर्षं मागे जावं लागतं. १० मार्च १९९७ ला ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ सुरू झाली. पहिलं दृश्य आठवतं? रात्रीची शाळा. एक मुलगा खिडकी फोडून आत शिरतो. सोबत गणवेशातली, सोनेरी केसांची, घाबरलेली मुलगी. आपल्याला तिची काळजी वाटते. ती खात्री करून घेते की आसपास कुणी नाही. मग वळते, चेहरा बदलतो आणि मुलगा संपतो.

मालिकेचा जनक जॉस व्हीडन याची मूळ कल्पना सगळ्यांना पाठ आहे. भयपटांत अंधाऱ्या गल्लीत शिरून मरणारी सोनेरी केसांची मुलगी, ही कल्पना त्याला उलटवायची होती. श्रेय बफीला मिळालं. पण पडद्यावर ही उलथापालथ पहिल्यांदा करून दाखवली डार्लाने. बफी तेव्हा पडद्यावर आलीसुद्धा नव्हती.

बक्षीस काय? सातव्या भागात एंजलने, म्हणजे पुढे स्वतःची मालिका मिळालेल्या व्हॅम्पायरने, मागून बाण खुपसला. राख. त्या सीझनमध्ये डार्ला साकारणाऱ्या ज्युली बेन्झच्या वाट्याला तीन भाग आले.

ज्याने खुपसला, त्याला व्हॅम्पायर तिनेच केलं होतं. १७५३, आयर्लंडमधलं गॉलवे. लियम नावाचा बापाशी भांडणारा दारुडा पोरगा तिने गल्लीत गाठला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं दोघं बरोबर. इतक्या वर्षांच्या सोबतीला कथेत जागा किती? बफीला वाचवण्यापुरती.

मग मे २००० मध्ये, ‘एंजल’च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात, वुल्फ्रम अँड हार्ट नावाच्या वकिलांच्या फर्मने विधी केला आणि पेटीतून डार्लाला परत आणलं. इथे लेखकांनी खरी चाल केली. ती व्हॅम्पायर म्हणून परतली असती, तर एंजलने दुसरा बाण काढला असता. गोष्ट संपली असती.

ती माणूस म्हणून परतली. धडधडणारं हृदय, ऊन सोसणारी कातडी आणि आत आत्मा.

आता मारून दाखव.

फर्मचा हेतू स्वच्छ होता. एंजलला फोडायचं. त्यासाठी मेलेल्या बाईला उठवायचं, भाड्याच्या घरात ठेवायचं, हवं तेव्हा वापरायचं. सुरुवातीला ती या खेळात आनंदाने सामील आहे, हेही खरं. एंजलच्या झोपेत शिरते, खोट्या नावाने समोर येते, त्याच्यावर खुनाचा आळ आणते. पण आत्मा परत आला की आठवणीही येतात. चारशे वर्षांत मारलेल्यांचे चेहरे येतात. आमिष म्हणून बांधलेल्या जिवाला हे सगळं सोसेल का, हा प्रश्न त्या फर्ममध्ये कुणाच्या टेबलावर आला?

‘डार्ला’ हा भाग इथून सुरू होतो. तिच्या घरातले आरसे फुटलेत. व्हॅम्पायरचं प्रतिबिंब पडत नाही. चारशे वर्षांनी तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो तिला बघवेना. भयपटांनी आरशाचा उपयोग शंभर वेळा केला असेल, पण बहुतेक वेळा समोरच्याला दचकवायला. इथे आरशात बघणारीच दचकली आहे.

आणि मग तिचं पूर्वायुष्य. १६०९, व्हर्जिनियाची वसाहत. गरमीच्या रोगाने मरायला टेकलेली, पैसा राखून असलेली वेश्या. पाद्र्याच्या वेषात मास्टर हा व्हॅम्पायर येतो आणि तिला चावतो.

इतिहास इथे कच्चा आहे, हे सांगायलाच हवं. जेम्सटाऊन वसलं १६०७ मध्ये, शंभराच्या आसपास पुरुष आणि पोरांनी. तिथे पहिल्या दोन इंग्रज बायका उतरल्या १६०८ मध्ये. १६०९ चा हिवाळा उपासमारीचा. माणसं घोडे, कुत्री, उंदीर खात होती. त्या वस्तीत श्रीमंत वेश्या, मोठा पलंग आणि सेवेला बाई? लेखकाने सनावळी पुस्तकातून उचलली आणि पुढचं पान वाचलं नाही.

तरी ते दृश्य टिकतं. का? कारण मरणाऱ्या त्या बाईला देवाची भीक मागायची नाही. आयुष्यभर पुरुषांनी विकत घेतली, आता मरताना पाद्र्याने फुकट सुनवावं, हे तिला मान्य नाही. तिचा कणा तिथे दिसतो. आणि नेमका तोच कणा बघून मास्टर तिला आपल्या मालकीची करतो.

‘डार्ला’ हे तिचं नाव व्हॅम्पायरपणाचं. माणूस म्हणून तिचं नाव काय होतं? मालिकेने ते कधीच सांगितलं नाही.

स्टोकरच्या तीन बायकांपासून आपण किती पुढे आलो, मोजा.

पुढचा थांबा १७६०, लंडन. मास्टर गटारात राहतो आणि त्याला त्याचा अभिमान आहे. डार्ला एंजलसचा, म्हणजे व्हॅम्पायर झालेल्या लियमचा, हात धरते आणि वर उजेडातल्या शहरात निघून जाते. हा तिचा स्वतःचा निर्णय. लक्षात ठेवा, कारण असे निर्णय मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मग १८९८, रोमानिया. ती एंजलसला भेट म्हणून एक रोमा मुलगी आणते. तो तिला मारतो. मुलीची टोळी त्याला शाप देते, त्याच्या अंगात आत्मा परत घालते. सगळ्या मालिकेचा पाया हा. एंजलची सगळी घालमेल, सगळा काळा कोट, सगळी सहानुभूती या एका मुलीच्या मरणावर उभी आहे. आणि तिला बोलायला मिळालं किती? काहीच नाही. दोन मालिकांचं घर एका मुक्या मुलीच्या प्रेतावर बांधलं आणि पाच सीझन लोक नायकाच्या दुःखाने हळवे झाले.

डार्ला त्या टोळीकडे परत जाते, शाप काढा म्हणून धमकावते. तिला तिचा माणूस परत हवा असतो. तोवर त्यांच्या सोबतच्या स्पाइक या व्हॅम्पायरने ओलीस ठेवलेलं कुटुंब खाऊन टाकलेलं असतं. सौदा संपला.

१९००, चीन. बॉक्सरांचं बंड. परदेशी सत्ता आणि मिशनरी यांच्याविरुद्ध उसळलेला माणसांचा राग, पेकिंगमधल्या वकिलातींना पंचावन्न दिवसांचा वेढा. मालिकेला त्यातलं काय लागलं? आग. जळत्या रस्त्यातून चार युरोपीय व्हॅम्पायर रुबाबात चालत येतात, मागे ज्वाळा. एका देशाचं बंड पडद्यामागचा रंग म्हणून वापरलं, हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

पण त्या चालण्यात एक कसब आहे. त्याच रात्री, तासभर आधी, त्याच वाहिनीवर ‘बफी’चा ‘फूल फॉर लव्ह’ हा भाग लागला होता. त्यातही हेच चालणं. तिथे स्पाइक सांगतो, म्हणून तो त्याचा विजय. त्याने नुकतंच एका स्लेअरला, म्हणजे व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीला, मारलेलं आहे. तासाभराने ‘डार्ला’मध्ये तेच चौघं चालतात आणि आता आपल्याला एंजलच्या चेहऱ्यावरची शरम दिसते. तो डार्लाकडे परत आलाय, पूर्वीसारखाच आहे असं दाखवतोय, पण चोरून फक्त गुन्हेगारांना मारतोय.

एकच रस्ता, एकच आग. कुणाच्या तोंडून ऐकता, यावर गोष्ट फिरते. मग जुन्या प्रेयसीची गोष्ट आजवर कुणाच्या तोंडून ऐकत आलो?

डार्ला एंजलचं सोंग ओळखते. त्याने सोडून दिलेलं मिशनरी कुटुंब ती शोधते, आईबापांना मारते, बाळ त्याच्यापुढे ठेवते. खा, आणि सिद्ध कर. तो बाळ उचलून खिडकीतून पळतो.

डार्ला निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. बाळ समोर ठेवणारीला निर्दोष कोण म्हणेल? पण त्याच खोलीतल्या दुसऱ्या खुन्याला आपण नायक म्हणतो, त्याची माफी दर आठवड्याला तासभर ऐकतो. तिची माफी ऐकायला लेखकांनी एकच भाग काढला.

  

वर्तमानात लिंडसी हा फर्ममधला वकील डार्लाच्या प्रेमात पडलाय. त्याचा वरिष्ठ हॉलंड मॅनर्स सगळ्यांनाच सोंगट्यांसारखा हलवतो. डार्लाला ठार मारण्याचा बनाव रचतो, म्हणजे एंजल तिला सोडवायला धावेल. धावतोच. लिंडसीचं प्रेमही त्या योजनेत आधीच धरलेलं असतं. पुरुषाचं प्रेम, पुरुषाचा डाव, पुरुषाची धाव. मध्ये ती.

मग ती एंजलकडे एकच मागते. मला चाव. मी तुला जे दिलं, ते मला परत दे. हे हृदय, ही आठवण, हे शरीर मला नको.

तो नाही म्हणतो.

इथे मी एंजलच्या बाजूने आहे. दुःखातल्या माणसाने विष मागितलं, म्हणून ते हातात द्यायचं नसतं. पण नकार दिल्यावर त्या दुःखाशेजारी बसावं लागतं. ती मला शोधू नकोस म्हणत निघून जाते. या भागाची ताकद अशी की दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही आणि तरी कुणाचंच भागत नाही.

दोन भागांनंतर, २८ नोव्हेंबरला, ‘द ट्रायल’. कळतं की १६०९ ची गरमी तिच्या अंगात तशीच आहे. वकिलांनी बाई परत आणली, तिचा रोगही परत आणला. आजार आहे, हे तिला ती मरायला टेकेपर्यंत सांगितलं का? वापरायच्या वस्तूला कुणी असं सांगतं का?

एंजल तिच्यासाठी तीन परीक्षा देतो, स्वतःचा जीव पणाला लावतो, जिंकतो. बक्षीस मिळत नाही. हे तिचं आधीच दुसरं आयुष्य, त्यामुळे तिसरं नाही. आणि मग डार्ला शांतपणे म्हणते, ठीक आहे. माणूस म्हणून मरेन. १६०९ मध्ये जे मरण मास्टरने हिसकावलं, ते या वेळी पूर्ण करेन. चारशे वर्षांतला तिचा सर्वांत मोठा निर्णय.

किती टिकला? वकिलांची माणसं दार फोडून आत येतात. एंजलला धरून ठेवतात. लिंडसी सोबत ड्रुसिला या व्हॅम्पायरला घेऊन आलाय, जिला एंजलने वेडं करून व्हॅम्पायर केलं होतं. ती डार्लाला चावते.

लिंडसीने हे प्रेमापोटी केलं म्हणे.

पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये हताश एंजल डार्लाबरोबर रात्र काढतो. त्याच्या शापाला एक अट आहे. परिपूर्ण सुखाचा एक क्षण आला की आत्मा जाणार. १९९८ मध्ये बफीबरोबर गेला होता. डार्लाबरोबर जात नाही. का? कारण ते सुख नव्हतं, नैराश्य होतं. शापाचा हिशेब बरोबर बसतो. पण सकाळी डार्लाला हे ऐकावं लागतं. त्याच्यासाठी ती तळ होती, आता तो वर निघाला. आपण कुणाच्या तरी सुधारणेची पायरी होतो, हे असं उठल्या उठल्या कळणं. चेहऱ्यावर ते सगळं ज्युली बेन्झने दाखवलंय. कथेने तिला तिथेही सोडून दिलं.

नंतरच्या मालिका काय शिकल्या? ‘ट्रू ब्लड’मध्ये बिलला घडवणारी लोरेना परतली, मत्सराने पेटलेली. ‘द व्हॅम्पायर डायरीज’च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ९ सप्टेंबर २०१०, नावच ‘द रिटर्न’. परत कोण आलं? कॅथरीन. नायिका एलेना आणि जुनी प्रेयसी कॅथरीन, दोन्ही भूमिका नीना डोब्रेवच्या. एकच चेहरा. केस सरळ तर चांगली, केस कुरळे तर वाईट. शिक्षण इथवर झालं.

मला डार्लाकडेच परत जायचंय.

१९ नोव्हेंबर २००१. ‘एंजल’चा भाग ‘ललबाय’. पुन्हा टिम मिनिअर. व्हॅम्पायरला मूल होत नाही, पण एंजलबरोबरच्या त्या रात्रीनंतर ती गरोदर आहे. तिच्या मेलेल्या शरीरात बाळाचा जिवंत आत्मा आहे आणि तो आहे तोवर तिला प्रेम करता येतं. ती हे ओळखून आहे. बाळ बाहेर आलं की आत्माही जाणार, तिच्यातलं प्रेमही जाणार, आणि मग आपण याच बाळाचं काय करू, हे चीनमधली ती रात्र आठवणाऱ्या डार्लाला नीट माहीत आहे. तिला भीती मरणाची नाही. या बाळावर प्रेम केलं होतं, हेसुद्धा उद्या आपल्याला आठवणार नाही, याची आहे.

प्रसूती होत नाही. तिचं शरीर मेलेलं आहे, ते बाळाला जन्म देऊ शकत नाही.

पाऊस पडतोय. जागा पुन्हा एक अंधारी गल्ली. सोनेरी केसांची बाई जमिनीवर. एंजल तिचा हात धरून बसलाय. आपण दोघांनी मिळून केलेली ही एकच चांगली गोष्ट, असं ती त्याला सांगते. पुढे बाळालाही हेच सांग, असं बजावते.

मग ती लाकडाचा तुकडा उचलते. मास्टरने नाही, एंजलने नाही, वकिलांनी नाही, ड्रुसिलाने नाही. तिनेच तो स्वतःच्या छातीत घुसवला.

राख पावसात विरते. आणि त्या जागी, ओल्या फरशीवर, रडणारं बाळ.